डॉ. लूसी विल्स

मुंबईच्या परळ भागात एक भव्य जुनी वास्तू उभी आहे. एके काळी ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. पुढे १८९९ साली प्लेगची लस शोधून काढणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेच्या आसपास त्या काळी कापडाच्या गिरण्यांची उंच धुराडी धूर ओकीत असत. पहाटेचा भोंगा झाला की हजारो कामगार गिरण्यांकडे धाव घेत, आणि त्यांत स्त्रियांचाही मोठा भरणा असे. १९२८ साली याच संस्थेत चाळीस वर्षे वयाची एक इंग्रज स्त्री-डॉक्टर दाखल झाली. तिचे नाव लूसी विल्स.

त्या वेळी मुंबईतील अनेक गरीब स्त्रियांना एका विचित्र व्याधीने ग्रासले होते. बाळंतपणाचे दिवस जवळ येऊ लागले की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. चार पायऱ्या चढताच त्यांना धाप लागे. हातापायांवर सूज येई, अन्नावरची वासना उडे आणि पाहता पाहता अंगातील शक्ती नाहीशी होई. अंगात रक्त उरले नाही, असे घरोघरी म्हणत. वैद्यकशास्त्रात या विकाराला रक्तक्षय किंवा पांडुरोग म्हणतात. पुष्कळ स्त्रिया त्यातून उठतच नसत. काही वेळा आई आणि बाळ दोघेही दगावत. हा रोग कशाने होतो, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. या कोड्याचा उलगडा करण्यासाठीच डॉ. विल्स मुंबईस आल्या होत्या.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. विळे, कोयते अशी धारदार हत्यारे बनविण्याचा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. वडिलांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले होते, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर होते. त्यामुळे घरात पैशाला तोटा नव्हता आणि विद्येलाही मान होता. अशा वातावरणात वाढलेल्या लूसीला निसर्गाचे आणि विज्ञानाचे वेड लागावे, यात नवल नाही.

शालेय शिक्षण संपवून १९०७ साली लूसी केंब्रिज येथील न्यूनम कॉलेजात दाखल झाली. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय तिने निवडले आणि १९११ पर्यंत त्यांच्या परीक्षा ती उत्तीर्ण झाली. परंतु तिच्या पदरात पदवी मात्र पडली नाही. स्त्रियांनी अभ्यास करावा, परीक्षेस बसावे, उत्तीर्णही व्हावे. पण पदवी पुरुषांनीच घ्यावी, असा त्या विद्यापीठाचा नियम होता. हा अन्याय १९४८ साली दूर झाला. तोपर्यंत लूसी विल्स यांनी आयुष्याची साठी गाठली होती. आपल्या ज्ञानावर कोणी शिक्का मारतो की नाही, याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

१९११ साली वडिलांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी थोरली बहीणही तरुणपणी वारली. दुःखाच्या या काळात लूसीने आईसमवेत सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा प्रवास केला. १९१४ साली ती धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेली. तेथे असतानाच पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला. केप टाउनमधील एका रुग्णालयात तिने काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर तिने डॉक्टर होण्याचा निश्चय केला आणि तडीस नेला. १९१५ च्या जानेवारीत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिने लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. हे विद्यालय रॉयल फ्री रुग्णालयाशी जोडलेले होते.

या विद्यालयाचा भारताशी जवळचा संबंध होता. तेथून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक स्त्री-डॉक्टर भारतात काम करीत असत आणि भारतातील मुलीही तेथे शिकण्यास जात. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, बेने इस्रायली समाजातील डॉ. जेरुशा झिराड त्याच सुमारास लंडनमध्ये उच्च शिक्षण घेत होत्या. पुढे त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि मातांच्या आरोग्यासाठी त्यांनी मोठे कार्य केले. लूसी विल्स १९२० साली वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाल्या. दवाखाना थाटून धनसंपादन करणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहून गर्भवती स्त्रियांच्या शरीरात कोणते बदल होतात, याचा अभ्यास त्यांनी आरंभिला.

इकडे भारतात डॉ. मार्गारेट बॅल्फर या अनुभवी स्त्री-डॉक्टर मातामृत्यूंच्या कारणांचा शोध घेत होत्या. बाळंतपणात इतक्या स्त्रिया का मरतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. त्या कारणांमध्ये रक्तक्षयाचा वाटा मोठा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. या चौकशीस हातभार लावावा म्हणून त्यांनी डॉ. विल्स यांना पाचारण केले. परका देश, परकी भाषा आणि अनोळखी हवामान, तरीही डॉ. विल्स यांनी ते निमंत्रण स्वीकारले. १९२८ पासून १९३३ पर्यंतची त्यांची वर्षे मुख्यतः भारतातच गेली. मधूनमधून काही महिने त्या मायदेशी जाऊन येत, एवढेच.

त्यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी रक्ताविषयी थोडी माहिती हवी. आपल्या रक्तात असंख्य तांबड्या पेशी असतात. त्या इतक्या सूक्ष्म असतात की रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान जागेत, निरोगी माणसाच्या चाळीस ते पन्नास लाख पेशी मावतात. या पेशींमध्ये हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त तांबडे द्रव्य असते. बंदरावरील हमाल जसे जहाजातून माल उतरवून घेतात आणि वखारीत नेऊन पोचवितात, तसे या पेशी फुप्फुसातून प्राणवायू उचलतात आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत नेऊन देतात. हमालच कमी पडले, किंवा त्यांच्या अंगात बळ उरले नाही, तर वखारी रिकाम्या राहतात. रक्तक्षयात नेमके हेच घडते. स्नायूंना, हृदयाला आणि मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो.

रक्तक्षयाचे प्रकार अनेक आहेत. अन्नातील लोह कमी पडले तर तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. हिवताप आणि आतड्यांतील आकडेकृमी यांमुळेही रक्त कमी होते. परंतु मुंबईतील अनेक आजारी स्त्रियांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता वेगळेच दृश्य दिसे. तेथील तांबड्या पेशींची संख्या पुष्कळ घटलेली असे. मात्र उरलेल्या पेशी लहान नसून नेहमीपेक्षा मोठ्या असत. पाश्चात्त्य देशांत अशाच मोठ्या पेशींचा एक असाध्य रक्तक्षय डॉक्टरांना माहीत होता, आणि यकृत खाऊ घातल्याने तो बरा होतो, असे १९२६ साली अमेरिकेत सिद्ध झाले होते. मुंबईतील रोग तोच की निराळा? तो जंतूंमुळे होतो की अन्नामुळे? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात नव्हती.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण रोगाची परीक्षा एका रोग्यावरून होत नाही. एकच रुग्ण पाहून अनुमान काढले तर ते चुकण्याचा संभव फार. म्हणून डॉ. विल्स यांनी प्रथम मोजणी आणि पाहणी यांचा मार्ग धरला. मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील आणि निरनिराळ्या सांपत्तिक स्थितीतील स्त्रिया काय खातात, किती खातात आणि कोणत्या परिस्थितीत राहतात, याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. धान्य किती, डाळ किती, भाजीपाला, फळे, दूध आणि मांस मिळते की नाही, याची टिपणे तयार झाली. कोणाला रक्तक्षय झाला आणि कोणाला झाला नाही, हे त्यांच्याशी ताडून पाहण्यात आले. या कामात त्यांना भारतीय सहकाऱ्यांचे मोलाचे साहाय्य लाभले. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांवर तळपदे आणि मेहता या सहकाऱ्यांची नावे त्यांच्या नावाबरोबर छापलेली आहेत.

या पाहणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. जिचा आहार निकृष्ट, तिला रक्तक्षय होण्याचा संभव अधिक. सुखवस्तू घरांतील स्त्रियांमध्ये हा मोठ्या पेशींचा रोग क्वचितच दिसे; गिरणीत राबणाऱ्या आणि अपुऱ्या अन्नावर दिवस काढणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र तो वारंवार आढळे. गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांच्या आहारात सर्वांत अधिक उणिवा होत्या आणि रोगाचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक होते. म्हणजे रोगाचे मूळ दैवात किंवा जातीत नव्हते; ते ताटात होते. परंतु ताटात नेमके काय कमी होते? अ आणि क या जीवनसत्त्वांचा अभाव दिसल्यामुळे ती देऊन पाहण्यात आली. पण गुण आला नाही. शोध पुढे चालू ठेवणे भाग होते.

१९२९ च्या एप्रिलमध्ये डॉ. विल्स निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथे गेल्या. तेथील पाश्चर संस्थेत आहारशास्त्राचे ख्यातनाम संशोधक सर रॉबर्ट मॅकॅरिसन काम करीत होते. तेथे पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या अन्नासारखे अन्न देण्यात आले. काही काळाने गाभण माद्यांना रक्तक्षय झाला आणि पिले होण्यापूर्वीच त्या मरू लागल्या. त्याच अन्नात यीस्ट मिसळले असता मात्र रोग टळला. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्यासाठी आणि मद्य आंबविण्यासाठी वापरले जाणारे किण्व. त्यात ब जीवनसत्त्वांचा मोठा साठा असतो.

उंदरांना जे लागू पडले, ते माणसाला लागू पडेल काय? डॉ. विल्स यांनी मुंबईतील आजारी स्त्रियांना यीस्टचा अर्क देण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये मार्माइट या नावाने असा अर्क विकला जाई. काळपट तपकिरी रंगाचा, काकवीसारखा दाट आणि चवीला खारट असा हा पदार्थ पावाला लावून खाण्याचा होता. ते काही औषध नव्हते. किंमतही यकृताच्या अर्काच्या मानाने पुष्कळच कमी होती. पण त्याचा परिणाम विलक्षण झाला. थोड्याच दिवसांत रुग्णांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. मेलेली भूक पुन्हा जागी झाली आणि अंथरुणाला खिळलेल्या स्त्रिया उठून बसू लागल्या. १९३१ साली मद्रासमधील स्त्रियांच्या रुग्णालयातही डॉ. विल्स यांनी काम केले. त्याच वर्षी इंग्लंडमधील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष मुंबईकडे वेधले गेले.

यश मिळाले म्हणजे पुष्कळांना आपल्या कामातील उणिवा दिसेनाशा होतात. डॉ. विल्स यांचे तसे झाले नाही. उंदरांच्या प्रयोगात एक गफलत झाली होती, हे त्यांनी स्वतःच तपासून काढले. उंदरांच्या अंगावरील उवांमुळे त्यांच्या रक्तात एक सूक्ष्म जंतू शिरत असे आणि निकृष्ट आहाराने अशक्त झालेल्या उंदरांमध्ये तो जंतूच रक्तक्षय घडवून आणीत असे. तेव्हा उंदरांवरून काढलेले अनुमान जसेच्या तसे माणसाला लावणे योग्य नव्हते. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग केले. निकृष्ट आहाराने माकडांना मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. १९३२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पहिल्या अनुमानाला भक्कम आधार मिळाला.

आता आणखी एक पेच उभा राहिला. यकृताच्या साध्या अर्काने मुंबईतील रक्तक्षय बरा होई. पण तोच अर्क अतिशय शुद्ध केला की त्याचा गुण नाहीसा होई. पाश्चात्त्य देशांतील तो असाध्य रक्तक्षय मात्र शुद्ध अर्कानेही बरा होत असे. यावरून डॉ. विल्स यांनी ओळखले की, हे दोन रोग वरवर सारखे दिसत असले तरी त्यांची औषधे भिन्न आहेत. यीस्टमध्ये आणि यकृतात कोणते तरी एक अज्ञात द्रव्य आहे, आणि तेच मुंबईच्या मातांना वाचविते. शास्त्रज्ञ या द्रव्याला विल्स घटक म्हणू लागले.

त्या अज्ञात द्रव्याची ओळख पटण्यास आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेतील संशोधकांनी कित्येक टन पालकाच्या पानांतून एक नवे द्रव्य अल्प प्रमाणात वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. त्यावरून त्यांनी त्यास फोलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. ही कामगिरी करणाऱ्या अमेरिकेतील संशोधक गटाचे नेतृत्व डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आंध्रातील भीमवरम गावी जन्मलेले हे शास्त्रज्ञ होते. विल्स घटक म्हणजेच फोलिक आम्ल, हे नंतर निश्चित झाले. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, यकृत यांत ते असते. पण अन्न फार वेळ शिजविले तर त्याचा बराच नाश होतो. गर्भाची वाढ होत असताना शरीरात नव्या पेशी वेगाने तयार होतात, म्हणून गर्भवती स्त्रीला त्याची अधिक गरज असते. मुंबईच्या स्त्रियांच्या ताटात काय कमी होते, याचे उत्तर असे मिळाले.

१९३३ साली डॉ. विल्स लंडनला रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या. तथापि मुंबईचे काम त्यांच्या मनातून गेले नव्हते. १९३७ च्या नोव्हेंबरात त्या पुन्हा एकदा हाफकिन संस्थेत आल्या आणि सुमारे दहा आठवडे राहिल्या. विमानप्रवास त्या काळी नवलाचा होता. कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी विमानाने केला. पुढे दुसरे महायुद्ध भडकले. लंडनवर बॉम्बचा वर्षाव होऊ लागला. १९४४ साली खुद्द रॉयल फ्री रुग्णालयावरही उडता बॉम्ब कोसळला. अशा आपत्तीतही डॉ. विल्स आणि त्यांचे सहकारी आपले काम करीत राहिले. युद्धकाळात अन्नाचे नियंत्रण चालू असताना गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती राहते, आणि लोहाच्या गोळ्या दिल्याने काय फरक पडतो, याची त्यांनी काळजीपूर्वक मोजणी केली. १९४७ साली ती प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी त्या सेवानिवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या प्रदेशांत जाऊन त्यांनी तेथील लोकांच्या आहाराचा आणि रक्तक्षयाचा अभ्यास केला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात लंडनच्या चेल्सी विभागातील नगरमंडळावर त्या मजूर पक्षातर्फे निवडून आल्या होत्या. त्या अविवाहित होत्या. त्यांची राहणी साधी होती; इतर मोठे डॉक्टर मोटारीतून रुग्णालयात येत, तर विल्सबाई सायकलवरून येत. डोंगरांतून भटकण्याची आणि बर्फावरील खेळांची त्यांना आवड होती. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षाच्या अखेरीस, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या शोधाचे फळ वाढतच गेले. गर्भधारणेपूर्वीपासून आईने फोलिक आम्ल घेतले तर बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील काही जन्मजात व्यंगे मोठ्या प्रमाणात टळतात, असे १९९१ साली सिद्ध झाले. भारतात १९७० पासून गर्भवती स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची योजना सुरू झाली. पुढे शाळकरी मुलामुलींसाठीही आठवड्यातून एकदा अशी गोळी देण्याची व्यवस्था झाली. लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरील मुलांना निळी गोळी मिळते. वर्गात गुरुजी किंवा बाई जी निळी गोळी हातावर ठेवतात, तिच्यातील दोन औषधांपैकी एकाचा माग विल्सबाईंनी परळच्या प्रयोगशाळेतून काढला होता.

त्यांनी मुंबईत आरंभिलेली मोजणीही थांबलेली नाही. आज देशोदेशी ठरावीक काळाने पाहणी होते. पाहणी करणारे घरोघर जातात, स्त्रियांच्या व मुलांच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात आणि त्यातील हिमोग्लोबिन मोजतात. ते ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर त्या व्यक्तीस रक्तक्षय आहे, असे समजतात. या नोंदी एकत्र करून जागतिक आरोग्य संघटना साऱ्या जगाचे अनुमान बांधते. २०१९ साली पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे तीस जणींना, म्हणजे पन्नास कोटींहून अधिक स्त्रियांना, रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील मुलांमध्ये हे प्रमाण शेकडा चाळीस होते. भारतातील स्थिती अधिक चिंताजनक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रिया आणि पाच वर्षांखालील शंभरांपैकी सदुसष्ट बालके या विकाराने ग्रस्त दिसली.

स्त्रियांमधील रक्तक्षय २०२५ पर्यंत निम्म्यावर आणावा, असा संकल्प जगातील राष्ट्रांनी २०१२ साली केला होता. तो सिद्धीस गेला नाही. मुदत २०३० पर्यंत वाढवावी लागली. औषध ठाऊक असूनही रोग हटत नाही, याची कारणे अनेक आहेत. कोठे ताटात भाजी नाही, कोठे गोळी मिळत नाही, कोठे मिळालेली गोळी घेतली जात नाही. कोठे हिवताप आहे, कोठे आकडेकृमी आहेत. काही घरांतून सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले आईच्या वाट्याला येते. रक्त कमी असलेल्या आईचे बाळ अनेकदा वजनाने कमी भरते, आणि रक्त कमी असलेल्या मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही. एका ताटातील उणीव अशी दोन पिढ्यांना भोवते.

डॉ. लूसी विल्स यांच्यापाशी मोठी संपत्ती किंवा सत्ता नव्हती. केंब्रिजने त्यांना वेळेवर पदवीदेखील दिली नव्हती. त्यांच्यापाशी होता तो एक सूक्ष्मदर्शक, टिपणांच्या वह्या आणि गरीब स्त्री का मरते हे शोधून काढण्याचा निर्धार. ज्या स्त्रियांची कोणी मोजदाद करीत नव्हते, त्यांचा घास न् घास त्यांनी नोंदविला आणि त्यांच्या रक्ताचा थेंब न् थेंब तपासला. दुखणे कोणाला आहे, किती जणांना आहे आणि कशामुळे आहे, हे आधी समजून घ्यावे आणि मगच औषधाला हात घालावा, हा त्यांचा मार्ग होता. जगातील कोट्यवधी माता आणि बालके अजून निरोगी व्हायची आहेत. परळला सुरू झालेले ते काम त्यांच्यासाठी अद्याप पुरे व्हावयाचे आहे.